गणराज्याचा पुरावा

बंगालची मराठी माणसाशी पहिली मोठी ओळख झाली ती लुटीच्या वाटेने. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालचा पश्चिम भाग तुडवत होत्या. त्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव मागे राहिले आणि मुलांना निजवताना गायच्या गाण्यांत ‘बर्गी’, म्हणजे मराठे स्वार, राहिले. पावणेदोनशे वर्षांनी, १९१७ साली, त्याच शहरात एक मराठी संशोधक इतिहास शिकवायला आला. देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे त्यांचे नाव. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे हे चिरंजीव. पुरातत्त्व खात्यात वर्षानुवर्षे उन्हातान्हात उत्खनने केलेली, बेसनगरला हेलिओडोरसच्या गरुडस्तंभाभोवतीची जमीन खणून पाहिलेली. कोलकाता विद्यापीठाने त्यांना प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक नेमले आणि १९३६ पर्यंत ते त्या पदावर राहिले.

भारताच्या संविधानाची गोष्ट सांगताना भांडारकरांचे नाव कोणी घेत नाही. १९३५चा कायदा, आयर्लंडची मार्गदर्शक तत्त्वे, अमेरिकेचे मूलभूत हक्क, इंग्लंडची संसद, ही यादी शाळेपासून पाठ असते. यादी खरीच आहे. पण कलमे कुठून आली हे तिच्यातून कळते. आपल्याला गणराज्य व्हायचे आहे आणि ते आपल्याला पेलेल, हा विश्वास कुठून आला ते कळत नाही. त्या विश्वासाचा एक मोठा धागा मला कोलकाता विद्यापीठाच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या वर्गांत सापडतो. विश्वासामागोमाग जी सावधगिरी आली, तिचाही.

त्या काळी प्राचीन भारताचा इतिहास हा निरुपद्रवी विषय नव्हता. जेम्स मिलने भारतात एकदाही पाऊल न टाकता लिहिलेला ‘ब्रिटिश भारताचा इतिहास’ १८१७ साली प्रसिद्ध झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत येणाऱ्या तरुणांच्या पिढ्या त्यावर घडल्या. पूर्वेकडे राजा म्हणजे हुकूमशहा आणि प्रजा म्हणजे मुकी, हा त्यातला सूर. पुढे व्हिन्सेंट स्मिथसारख्या जाणत्या इतिहासकारानेही १९०४ मधल्या आपल्या ग्रंथात तो पुरता सोडला नाही. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. मात्र प्रत्येक टप्पा केव्हा आणि किती द्यायचा याचा निवाडा ब्रिटिश सरकारने स्वतःकडे ठेवला. लायकीची परीक्षा चालू होती आणि परीक्षकाच्या हातात मिलचा इतिहास होता. ज्या समाजाने कधी स्वतःचा कारभार केलाच नाही, त्याच्या हाती तो एकदम कसा द्यायचा, या सवालाला घोषणांनी उत्तर देता येत नव्हते. पुरावा लागणार होता.

तो गोळा करण्याचे काम कोलकात्यात अगोदरच सुरू झाले होते. काशीप्रसाद जयस्वाल ऑक्सफर्डमध्ये शिकून, बॅरिस्टर होऊन आले, कोलकाता उच्च न्यायालयात वकिली करू लागले आणि १९१३ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या तिथल्याच मासिकात त्यांनी हिंदू राज्यव्यवस्थेवर लेख लिहिले. त्यांतूनच पुढे १९२४ मध्ये ‘हिंदू पॉलिटी’ हा ग्रंथ झाला. रमेशचंद्र मजुमदारांनी प्राचीन भारतातल्या सामूहिक जीवनावर प्रबंध लिहिला, तो १९१८ ला छापला गेला. या सगळ्यामागे सर आशुतोष मुखर्जी होते. पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाने स्वतः चालवायचे आणि त्यात आपल्या देशाच्या इतिहासाला मानाचे स्थान द्यायचे, हा त्यांचा हट्ट. त्याच विद्यापीठाने १९२० मध्ये सुरेंद्रनाथ सेनांनी केलेले सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि पाठोपाठ त्यांचा मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा ग्रंथही. बर्गीच्या भीतीत वाढलेल्या प्रांताने मराठ्यांकडे राज्यकर्ते म्हणून पाहायला इतक्या मोकळ्या मनाने सुरुवात करावी, हे मला फार मोलाचे वाटते.

भांडारकरांनी कारमायकेल व्याख्याने दिली ती १९१८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठाने ती पुस्तकरूपाने काढली. विषय होता इसवी सनापूर्वी ६५० ते ३२५ हा काळ, म्हणजे बुद्धाच्या आधीपासून चंद्रगुप्त मौर्याच्या उंबरठ्यापर्यंत. त्यात राजांच्या वंशावळी आहेतच, पण ऐकणाऱ्यांनी कान टवकारले असतील ते संघ आणि गण यांच्या विवेचनाला. राजा नसलेली, अनेकांनी मिळून चालवलेली राज्ये या देशात होती. एखाददुसरी नव्हेत, तर उत्तर भारतभर पसरलेली. पाणिनी त्यांचे नियम देतो, ग्रीकांनी ती डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली, आणि यौधेय, मालव यांच्या नाण्यांवर राजाच्या नावाऐवजी गणाचाच जयजयकार कोरलेला सापडतो. चित्तोडजवळच्या नगरीत भांडारकरांनी स्वतः उत्खनन केले होते. तिथे मिळणाऱ्या नाण्यांवर शिबी जनपदाचे नाव आहे, राजाचे नाही. हाताच्या तळव्यावर मावणारा तांब्याचा तुकडा मिलच्या जाडजूड खंडांना उत्तर देत होता.

सर्वांत भक्कम साक्ष मात्र बौद्ध विनयग्रंथांची होती. भिक्षूंच्या सभेत आसने कोणी कशी मांडायची यासाठी वेगळा अधिकारी नेमलेला असे. ठराव आधी रीतसर मांडायचा, त्याला ज्ञप्ती म्हणत. मग तो कधी एकदा, कधी तीनदा सभेपुढे ठेवायचा. गप्प राहिला त्याची संमती धरायची. ठरलेली गणसंख्या भरली नाही तर केलेले काम रद्द, आणि ती भरवण्याची जबाबदारी एका गणपूरकाची. एकमत होईना, तर शलाका म्हणजे रंगीत काड्या वाटून मते घ्यायची. त्या वाटणारा निःपक्षपाती माणूस सभेनेच निवडायचा. मत उघड घ्यायचे, गुप्त घ्यायचे की कानात सांगायचे, याचेही प्रकार ठरलेले. आजारी भिक्षूची संमती निरोपाने आणता येई. गुंता फारच वाढला तर तो थोड्या जाणत्यांच्या समितीकडे सोपवायचा. आणि एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरून काढणे हा दोष.

हे सारे बुद्धाने नव्याने बसवले का? जयस्वाल आणि भांडारकर दोघांचेही उत्तर नाही असे आहे. या संज्ञा बुद्ध वापरतो, पण समजावून सांगत बसत नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांना त्या ठाऊक होत्या. तो शाक्यांच्या गणात जन्मला, लिच्छवींच्या वैशालीत वारंवार राहिला. राजकीय गणांच्या सभागृहात जी रीत चालत होती, तीच त्याने धर्मसंघाला दिली. धर्माच्या ग्रंथातून राज्यशास्त्र वाचून काढणारा हा तर्क त्या पिढीची मोठी कमाई आहे.

इथे आणखी एका मराठी माणसाचे नाव घेतले नाही तर अन्याय होईल. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून निघाले, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालून, पाली शिकून १९०६ च्या सुमाराला कोलकात्यात आले. तिथे राष्ट्रीय महाविद्यालयात आणि विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. पगाराची जागा सोडून ते पुढे महाराष्ट्रात परतले, कारण हे ज्ञान आपल्या लोकांना आपल्या भाषेत मिळाले पाहिजे ही त्यांची तळमळ होती. नंतर त्यांनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ मराठीत आणला. संघाचे हे नियम मराठी वाचकाच्या हाती इंग्रजी ग्रंथांच्या वाटेने आले नाहीत, थेट पालीतून आले.

पुराव्याचा उत्साह कधीकधी पुराव्यापुढे धावला, हेही सांगितले पाहिजे. जयस्वालांनी प्राचीन गणांना आधुनिक संसदेचे कपडे चढवले. कोलकात्याच्याच उपेंद्रनाथ घोषालांनी त्यांचे कित्येक अर्थ तपासून खोडून काढले. वैशालीत सात हजार सातशे सात राजे होते असे जातककथा सांगते. ती संख्या अक्षरशः घ्यायची नसली, तरी हे ‘राजे’ एका क्षत्रिय कुळाचे होते हे विसरता येत नाही. दास, कारागीर, स्त्रिया त्या सभागृहाच्या बाहेर होत्या. सगळ्यांचे राज्य ते नव्हते. एका माणसाचे मात्र नव्हते, आणि १९१८ मध्ये एवढे सिद्ध होणेही पुरेसे होते.

आता १९४६ कडे येऊ. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडायचे होते. मुंबईच्या विधिमंडळात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकही माणूस निवडून आलेला नव्हता, त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्याच प्रांतातून जाण्याची वाट नव्हती. वाट निघाली कोलकात्यातून. फेडरेशनचे बंगालमधले आमदार जोगेंद्रनाथ मंडल यांनी नमशूद्र आणि इतर दलित आमदारांची मते जमवली आणि जुलै १९४६ मध्ये बंगालच्या विधानसभेने बाबासाहेबांना निवडून दिले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १६ ऑगस्टपासून, त्याच शहरात माणसे माणसांना कापत सुटली. वर्षभराने फाळणी झाली, तेव्हा ज्या मतांवर ते निवडून आले होते ती पूर्व बंगालकडे गेली. स्वतः मंडल कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष झाले. बाबासाहेब पुन्हा सभेत आले ते मुंबईतून, बॅ. मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. पण पहिला दरवाजा कोलकात्याने उघडला होता.

सभेत गणराज्याचा ठराव नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडला. त्यांनी अमेरिकेचे घटनाकार आठवले, फ्रान्सच्या क्रांतीतली शपथ आठवली. पण संस्थानिकांच्या गोटातून गणराज्य या कल्पनेबद्दल कुरबुर होती. राजेशाहीची सवय असलेल्या देशाला हे परके तर नाही ना, अशी शंका होती. २० जानेवारी १९४७ रोजी डॉ. राधाकृष्णन बोलायला उभे राहिले आणि त्यांनी शंकेला इतिहासानेच उत्तर दिले. उत्तरेतले व्यापारी दक्षिणेत जातात, तिथला राजा विचारतो, तुमचा राजा कोण? ते सांगतात, आमच्यातले काही देश गणांच्या अधीन आहेत, काही राजांच्या. पाणिनी, मेगॅस्थेनिस, कौटिल्य यांचे दाखले त्यांनी दिले आणि गणराज्याची परंपरा या भूमीला परकी नाही असे ठासून सांगितले. हा नेमका कोलकात्याचा युक्तिवाद होता. त्यात नवल नाही. १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षे राधाकृष्णन कोलकाता विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, म्हणजे भांडारकरांचे सहकारी. दोन दिवसांनी ठराव मंजूर झाला.

आधारासाठी इतिहासाकडे सगळेच वळत होते, पण त्यातून प्रत्येकाला एकच धडा मिळत नव्हता. गावाचा प्रश्न घ्या. भारतातली खेडी ही छोटी छोटी गणराज्ये आहेत, राजवटी येतात नि जातात, खेडी टिकून राहतात, हे चित्र चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये एका टिपणात रेखाटले होते. मेटकाफ कोलकात्यातच जन्मलेला, पुढे हंगामी गव्हर्नर जनरल झालेला, त्याच्या नावाचा मेटकाफ हॉल अजून तिथे उभा आहे. हे चित्र पुढे राष्ट्रवाद्यांना इतके आवडले, की संविधानाचा पाया गावावर घाला ही मागणी त्यातून उभी राहिली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी मेटकाफचेच शब्द वाचून दाखवले आणि मग प्रश्न टाकला. खेडी टिकली हे खरे, पण कशी टिकली? देशाच्या भल्याबुऱ्यात त्यांनी कोणता वाटा उचलला? संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर असलेल्या गावाला त्यांनी घटनेचे एकक मानायला साफ नकार दिला. मसुद्याने व्यक्तीला एकक मानले याचे त्यांनी समाधान व्यक्त केले.

सभागृहात त्यावर गहजब झाला. हरि विष्णू कामतांनी दुसऱ्याच दिवशी कडक टीका केली. शेवटी के. संतानम यांच्या दुरुस्तीने २२ नोव्हेंबर १९४८ ला ग्रामपंचायतींचे कलम, आजचे चाळिसावे, मार्गदर्शक तत्त्वांत दाखल झाले. त्याच महिन्यात, २९ तारखेला, अस्पृश्यता संपवणारे कलम मंजूर झाले आणि ते मूलभूत हक्कांत गेले. गाव तत्त्वांत आणि माणूस हक्कांत, ही मांडणी इतिहासाच्या दोन वाचनांच्या झगड्यातून निघाली. त्यात बाबासाहेबांचे वाचन बरोबर होते असे माझे ठाम मत आहे. मेटकाफला गाव घोड्यावरून दिसले होते, बाबासाहेबांना ते वेशीबाहेरून माहीत होते.

बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात एक इतिहासकारही येतो, जॉर्ज ग्रोट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास लिहिला. अथेन्सची लोकशाही कायद्यावर टिकली नाही, कायद्याबद्दल नागरिकांच्या मनात मुरलेल्या आदरावर टिकली, असे त्यात प्रतिपादन आहे. या गुणाला ग्रोट घटनात्मक नैतिकता म्हणतो. मसुद्यावर आक्षेप होता की त्यात कारभाराचे बारीकसारीक तपशील कशाला भरलेत. बाबासाहेबांनी ग्रोटचा आधार घेतला. ही नैतिकता जिथे मुरलेली असते तिथे तपशील गाळता येतात. आपल्याकडे ती अजून रुजायची आहे, लोकशाही वरवरचा थर आहे, आणि घटनेला हात न लावता नुसता कारभार बदलून तिचा आत्मा मारता येतो. म्हणून तपशील लिहूनच ठेवले पाहिजेत. आपले संविधान इतके लांबलचक का, याचे एक उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या अभ्यासात आहे.

घटनाविषयक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनीही असाच अभ्यास केला होता. ते कोलकाता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. १९४७ च्या अखेरीस ते अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन आले. अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी बोलल्यावर त्यांचे मत पक्के झाले, की ‘यथोचित प्रक्रिया’ या तिथल्या शब्दांच्या आधारे न्यायालयांनी कामगारांच्या हिताचे कायदे उधळून लावले, तसे आपल्याकडे होऊ नये. आपल्या एकविसाव्या कलमाची भाषा त्यातून ठरली. हा धडा पुढे न्यायालयांना अपुरा वाटला आणि त्यांनी कलमाचा अर्थ रुंदावला, पण ती निराळी कथा.

आणि मग २५ नोव्हेंबर १९४९. घटना उद्या मंजूर व्हायची आहे, बाबासाहेब शेवटचे मोठे भाषण करत आहेत. ते म्हणतात, भारताला लोकशाही ठाऊक नव्हती असे नाही. एके काळी हा देश गणराज्यांनी भरलेला होता, राजे होते तेही निवडलेले किंवा मर्यादित अधिकारांचे. भिक्षुसंघांना संसदीय पद्धत माहीत होती. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, निकाली निघालेला वाद पुन्हा न उघडणे, सगळे ते एकामागून एक मोजतात. आणि बुद्धाने हे नियम त्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असले पाहिजेत, असेही म्हणतात. एकतीस वर्षांपूर्वी कोलकात्यात मांडलेला तर्क पायरीन् पायरी तोच आहे. भाषणात ते कोणा इतिहासकाराचे नाव घेत नाहीत. पण भांडारकर त्यांच्या नित्य वाचनातले होते. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये भारतातल्या जातींच्या रक्तात परके अंश मिसळलेले आहेत हे दाखवायला त्यांनी भांडारकरांचाच दाखला दिला आणि १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्येही पुन्हा त्यांच्याकडे बोट केले.

आपल्या विद्वानांनी पुरावा गोळा केला होता तो लायकी सिद्ध करायला. बाबासाहेबांनी त्या पुराव्यावरून पुढचा प्रश्न विचारला. ही व्यवस्था आपल्याकडे होती आणि आपण ती गमावली. दुसऱ्यांदा गमावणार का? त्याच भाषणात त्यांनी सिंधच्या दाहिर राजाचे लाच खाऊन फिरलेले सरदार आठवले, घोरीला बोलावणारा जयचंद आठवला, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे असलेले मराठे सरदार आणि रजपूत राजे आठवले.

ही भीती हवेतली नव्हती. गण कसे बुडाले हे त्याच जुन्या ग्रंथांत लिहिलेले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात, गण बाहेरच्या शत्रूने मरत नाहीत, आतल्या फुटीने आणि लोभाने मरतात. कौटिल्याने तर संघ कसे फोडायचे यावर एक अख्खे अधिकरण लिहिले. आणि वैशालीची हकिगत बौद्ध परंपरेने तपशिलाने जपली आहे. मगधाच्या अजातशत्रूला वैशालीच्या वज्जींना जिंकायचे होते. त्याचा मंत्री वस्सकार बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला थेट उत्तर न देता आनंदाला विचारले, वज्जी वारंवार सभा भरवतात ना? एकजुटीने जमतात, एकजुटीने उठतात ना? ठरलेले नियम पाळतात ना? मंत्र्याने ओळखले, लढून हे हरणार नाहीत. अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे पाली भाष्याप्रमाणे, तो हाकलून दिल्याचे सोंग करून वैशालीत गेला, त्यांच्यातलाच एक झाला, आणि याच्या कानात त्याच्याबद्दल, त्याच्या कानात याच्याबद्दल कुजबुजत राहिला. तीन वर्षांत काम झाले. मगधाची फौज आली तेव्हा वैशालीत सभेचा नगारा वाजला, आणि कोणी जमले नाही.

भांडारकर ३० मे १९५० रोजी वारले. गणराज्य झाल्याला तेव्हा चार महिने झाले होते.

महाराष्ट्रात शाळेला इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात बांधलेले मिळते, पण वैशाली एका भागात शिकवली जाते, संविधान दुसऱ्या भागात, आणि मध्ये महिने जातात. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. ज्या दिवशी वज्जींचा धडा घ्याल, त्याच दिवशी २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण मुलांना वाचून दाखवा. ते मराठीत उपलब्ध आहे.